हवेचा काटा

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संयुक्त बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



टेबलावर ही पांढरी डबी ठेवली आहे. ती पाहून मघाशी एका भाऊंनी विचारले, "साहेब, हा रेडिओ का?" रेडिओ नव्हे, हा काटा आहे. आपण कापसाचा, कांद्याचा काटा पाहतो तसा हा हवेचा काटा. हवेत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या पुस्तकांतला कर्बवायू, किती आहे ते हा दाखवतो. सभा सुरू झाली तेव्हा यावर ४६० होते. आता ७१० दिसतात. तुम्ही कोणी काही केले नाही, नुसता श्वास घेतलात. हा आकडा म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे किती भाग, एवढेच. पीपीएम म्हणतात ते हेच. भाषण संपेपर्यंत तो कुठवर जातो ते पाहू.

तुम्ही म्हणाल, भावाचे बोला, हे हवेचे काय काढले? भावाचेच बोलतो आहोत. यवतमाळ-परभणीकडचे कापूसवाले कार्यकर्ते आज इथे पाहुणे आहेत, त्यांना विचारा. सीसीआयच्या केंद्रावर गाडी लागली की कापसात ओलाव्याचे मशीन खुपसतात. ८ टक्के आले तर पूर्ण भाव, वर गेले की कपात, १२ च्या वर गेले तर गाडी परत. त्या मशीनच्या दोन काट्यांत वीज कशी फिरते, ओल्या कापसातून ती जास्त का जाते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होते? ज्यांनी माहिती करून घेतली ते सकाळच्या दवात गाडी भरत नाहीत आणि मशीन तीन ठिकाणी लावायला सांगतात. बाकीचे नशिबाला दोष देत घरी येतात.

आता हाच प्रकार हवेच्या बाबतीत सुरू झाला आहे. केंद्र सरकारने २०२३ साली कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना जाहीर केली. जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा काढला. तुमच्या जमिनीत कर्ब साठवा, आम्ही तो विकून पैसे देऊ, असे सांगणारी माणसे गावोगाव करार घेऊन फिरत आहेत. माल नवा आहे, डोळ्यांना दिसत नाही, आणि काटा त्यांच्या हातात आहे. म्हणून हा काटा आतून कसा चालतो ते आज पाहायचे.

जुन्नरकरांना एक गोष्ट सांगायला नको. खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या आकाशातून काय झेलतात ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण ते असते. प्रकाशाच्या घराण्यात आपल्याला दिसणारे रंग थोडेच, न दिसणारे पुष्कळ. खोडदला झेलतात त्या रेडिओ लहरी लांब पल्ल्याच्या. तापलेल्या तव्यावर हात न टेकवता धरला तर जी धग लागते तीही एक न दिसणारी लहर आहे. तिला अवरक्त किरण म्हणतात. आपल्या डबीचे सगळे काम या धगीवर चालते.

डबीच्या आत एक लहानशी नळी आहे. तिच्या एका टोकाला गव्हाएवढा दिवा, दुसऱ्या टोकाला धग ओळखणारा डोळा. नळीला बारीक भोके, त्यांतून बाहेरची हवा आत-बाहेर करते. दिवा धग सोडतो, डोळा ती मोजतो. मधल्या हवेत कर्बवायू असेल तर तो त्यातली थोडी धग खातो. जितका वायू जास्त तितकी डोळ्यापर्यंत धग कमी पोहोचते. डोळ्याला किती कमी पडली त्यावरून डबी हिशेब करते आणि आकडा दाखवते.

पण हवेत नायट्रोजन आहे, ऑक्सिजन आहे, तेही धग खात असतील की! नाही खात, आणि खरी गंमत इथेच आहे. कर्बवायूच्या कणात मध्ये कर्बाचा एक अणू आणि दोन बाजूंना ऑक्सिजनचा एक-एक. स्प्रिंगने जोडल्यासारखे ते सतत हलत असतात. नागपंचमीच्या झोक्याला कधीही धक्का दिला तर तो चढत नाही, त्याच्या तालावरच द्यावा लागतो. तसे या कणाला ठरावीक तालाची लहर आली तरच तो ती धरतो. त्या लहरीची लांबी ४.२६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सव्वाचार पट. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे कण म्हणजे दोन सारखेच अणू, ते ही धग धरत नाहीत. पाण्याची वाफ धग खाते, पण तिचा ताल वेगळा. म्हणून डोळ्यावर एक गाळणी बसवलेली असते. ती ४.२६ मायक्रॉनच्या आसपासचीच धग आत सोडते. पावसाळी दमट हवेने हा काटा सहसा फसत नाही तो त्यामुळे. नळीतच दव धरले तर मात्र फसतो.

आता दिवा जुना झाला, नळीत धूळ बसली, तरी डोळ्यापर्यंत धग कमीच येणार. मग डबी म्हणणार वायू वाढला. यावर उपाय म्हणून चांगल्या यंत्रात दुसरा डोळा असतो. त्याच्या गाळणीतून ४ मायक्रॉनच्या जवळपासची अशी धग येते की जी हवेतला कुठलाच वायू फारशी खात नाही. दोन्ही डोळे एकदम मंद झाले तर धूळ, एकच मंद झाला तर वायू. वाण्याच्या दुकानात भांडे ठेवून आधी धडा करतात, मग तेल घालतात, तसा हा दुसरा डोळा म्हणजे धडा.

ही युक्ती काही आजची नाही. १८५९ साली लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी पितळी नळीत एकेक वायू भरून तो किती धग खातो ते पाहिले. त्यांच्या मांडणीत डोळ्याच्या एका बाजूला नळीतून आलेली धग आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच धगीचा धडा. दोन्ही सारखे असले की सुई मध्यावर, वायू भरला की सुई ढळली. म्हणजे काटाच. पुढे १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर असे यंत्र बसवले. तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता, आज तो ४२० च्या पुढे आहे. या कीलिंगबाबांचा आग्रह एकच होता. ज्या टाकीतला वायू आधीच काटेकोर मोजून ठेवलेला आहे तो यंत्राला पुन्हा पुन्हा दाखवायचा, आणि यंत्र खरे बोलते का ते पाहायचे. आपल्या जिल्ह्यातही हे काम चालले आहे. पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून सिंहगडावर हवेचे नमुने घेऊन कर्बवायू मोजला. पावसाने रान हिरवे झाले की पिके नि झाडे वायू ओढतात आणि आकडा खाली येतो, तो त्यात दिसतो. म्हणजे तुमच्या बाजरीचा नि ज्वारीचा श्वास सिंहगडावरून मोजता येतो. मात्र मोजणारा दर वेळी आपला काटा प्रमाण वजनाशी ताडून पाहतो.

बाजारातल्या डब्यांचे तसे नाही. आम्ही स्वतः फसलो आहोत. पहिली डबी घेतली ती स्वस्तातली. घरी आणून स्वयंपाकघरात ठेवली. जिरे-मोहरीची फोडणी पडली आणि आकडा थेट २००० च्या वर! कर्बवायू काही फोडणीतून एवढा निघत नाही. उघडून पाहिले तर आत नळी नाही, दिवा नाही. एक तापलेला कण होता, त्याला तेलाची, अत्तराची, दारूची वाफ लागली की वीज बदलते, आणि त्यावरून डबी कर्बवायूचा अंदाज छापते. वर नाव मात्र मोठ्या अक्षरांत. परीक्षा सोपी आहे. हात धुण्याच्या सॅनिटायझरचा बोळा जवळ धरा. आकडा उडी मारू लागला तर ते कर्बवायूचे यंत्र नव्हे. खऱ्या यंत्रावर त्याचा परिणाम होत नाही. मात्र बोळा धरताना तोंड बाजूला करा, आपल्या उच्छ्वासातच ४ टक्के, म्हणजे ४०,००० भाग कर्बवायू असतो.

दुसरी परीक्षा उघड्या माळाची. दुपारी वारा वाहत असताना यंत्र बाहेर न्यावे, अर्धा तास ठेवावे. ४२० च्या आसपास दाखवले पाहिजे. आळेफाट्याला मात्र हेच खरे यंत्र ३९० दाखवते. खोटे आहे म्हणून नव्हे. आपण समुद्रापासून सुमारे ७०० मीटर उंचीवर बसलो आहोत, इथली हवा सात-आठ टक्के विरळ, म्हणून नळीत कणच कमी. ज्या यंत्रात उंची भरायची सोय आहे त्यात ती भरावी. आणखी एक खोड लक्षात ठेवा. पुष्कळ यंत्रे आपला धडा स्वतःच करतात. गेल्या आठवडाभरात जो सर्वांत कमी आकडा दिसला तो म्हणजे बाहेरची मोकळी हवा, असे धरून चालतात. शहरातल्या कचेरीत हे चालते, तिथे रात्री माणसे घरी जातात. बंद गोदामात, पॉलिहाऊसमध्ये तेच यंत्र आठ दिवस ठेवले तर ते ८०० ला ४०० म्हणू लागते. काटा मारायला व्यापारीच लागतो असे नाही!

(आता १,०५० झाले. मागच्या भावांना जांभया येत आहेत. त्यात आमचा दोष किती आणि हवेचा किती ते नंतर ठरवू. त्या दोन खिडक्या उघडा.)

आता जिवाचा प्रश्न. आमच्या आजोळी ज्वारीचे पेव होते. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना पेव ठाऊक आहे. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्धच होती. पेव उघडले की दिवसभर कोणी उतरायचे नाही, आधी कंदील सोडायचा, विझला तर थांबायचे, हा आजोबांचा दंडक. ज्वारी जिवंत असते, तीही श्वास घेते, तिच्यातली कीड आणि बुरशीही घेते. बंद पेवात ऑक्सिजन संपत जातो, कर्बवायू साठतो. त्यानेच कीड मरते आणि ज्वारी टिकते, आणि घाई करणारा माणूसही मरतो. आज ज्या हवाबंद पिशव्या मिळतात त्यांत हेच पेवाचे शास्त्र आहे. कर्बवायू हवेपेक्षा दीडपट जड, तो खाली बसतो. जुन्या विहिरीचा गाळ काढायला उतरलेला माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तिसरा. घरचे घर जाते.

कंदील वाईट परीक्षा नव्हे. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६-१७ वर आला की तो विझतो. पण गोबर गॅसच्या टाकीत कंदील सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. विहिरीत डिझेल इंजिन चालले असेल तर त्याचा धूर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, तो माणूस मारतो आणि कंदील जळतच राहतो. आता म्हणाल, मग ही डबी दोरीने सोडू. सोडा, पण तिची मर्यादा ओळखून. बाजारातल्या बहुतेक डब्या ५,००० पर्यंतच मोजतात. ५,००० ही दिवसभर काम करण्याची कमाल मर्यादा मानतात. ४०,००० ला जिवाला तात्काळ धोका, आणि एक लाखाला, म्हणजे १० टक्क्यांना, काही मिनिटांत शुद्ध जाते. म्हणून डबी ५,००० वर अडकली तर त्याचा अर्थ एकच, उतरायचे नाही. ती दोन-तीन मिनिटे तळाशी ठेवावी लागते, नळीत हवा भरायला वेळ लागतो. आणि ती ५०० दाखवत असली तरी उतरा असे ती म्हणत नाही. मोनॉक्साइड तिला दिसत नाही, गटाराचा विषारी वायू दिसत नाही, ऑक्सिजन कमी झाला तेही दिसत नाही. कामगारांना देतात त्या चार वायूंच्या मीटरची उलट गोष्ट. त्यात ऑक्सिजन असतो, पण पुष्कळदा कर्बवायू नसतो. बाहेरून ५ टक्के कर्बवायू विहिरीत शिरला तर ऑक्सिजन २०.९ वरून १९.९ वर येतो, आणि मीटरची घंटा वाजते १९.५ ला. माणूस झोकांड्या खातो आणि मीटर गप्प. तेव्हा दोन्ही लागतात. ग्रामपंचायतीने एक संच घेऊन ठेवावा, ठराव आजच करा. त्याआधी ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून तासभर हवा खेळवा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर दोन माणसे. कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी टाकायची नाही, दोर ओढायचा.

ज्वारीच्या गोदामातही ही डबी उपयोगी आहे. पोत्यांच्या थप्पीत कीड किंवा बुरशी लागली की धान्य तापायच्या आधी कर्बवायू वाढतो. बंद खोलीत आकडा बाहेरच्यापेक्षा दोनशे-तीनशेने रोज जास्त दिसू लागला, आणि आत माणूस झोपत नसेल, तर पोत्यात हात घाला.

आता त्या करारांकडे येऊ. तुमच्या शेताच्या बांधावर कोणी डबी लावून कर्ब मोजणार नाही, ते शक्य नाही. ते माती नेणार. प्रयोगशाळेत मातीचा चिमूटभर नमुना ९०० अंशांच्या वर जाळतात. त्यातला कर्ब वायू होतो आणि तो वायू पुष्कळ यंत्रांत अशाच नळीतून जातो. तोच दिवा, तीच गाळणी, तोच डोळा. म्हणजे तुमच्या जमिनीचा भाव ठरवणारा काटा शेवटी हाच आहे. आम्ही कृषीची पदवी घेतली तेव्हा वॉकली-ब्लॅक पद्धत शिकलो, नारिंगी डायक्रोमेट घालून सेंद्रिय कर्ब काढायची. तीही आज चालते. दोन्ही पद्धती चांगल्या, पण त्या एकच गोष्ट मोजत नाहीत.

आणे पठारावरचे, लोणी-धामणीकडचे भाऊ इथे आहेत. तुमच्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात. काळ्या कपाशीच्या जमिनीतही सापडतात. चुनखडीच्या १०० किलोंत १२ किलो कर्ब असतो. भट्टीत माती जाळली की चुनखडीही फुटते, तिचाही कर्बवायू निघतो, आणि डोळ्याला तो शेणखताचा की चुनखडीचा हे कळत नाही. मातीत ५ टक्के चुनखडी असेल तर ०.६ टक्का कर्ब नुसता तिचाच. आपल्या कोरडवाहू जमिनीत सगळा सेंद्रिय कर्ब पुष्कळदा तेवढाही नसतो! म्हणून जाळण्याआधी नमुना आम्लाने धुवावा लागतो. पहिल्या वर्षी न धुता जाळला आणि पाचव्या वर्षी धुऊन जाळला, तर तुम्ही पाच वर्षे पऱ्हाट्या न जाळता जमिनीत मिसळल्या, ज्वारीची धसकटे ठेवली, तरी कागदावर तुमचा कर्ब घटलेला दिसेल. आणि करारात परतफेडीचे कलम असेल तर घेतलेला आगाऊ पैसाही परत.

थोडा हिशेब करू. एक एकर, वरचा ६ इंचांचा थर, घनता १.३ धरली तर सुमारे ८०० टन माती. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवला, ०.४ चा ०.५ केला, तर सुमारे ८०० किलो कर्ब. त्याला ३.६७ ने गुणले की २.९ टन कर्बवायू. क्रेडिट म्हणजे एक टन. पाच वर्षांच्या राबणुकीचे तीन क्रेडिटही भरत नाहीत. नमुना जरा खोलून घेतला, किंवा बांधाजवळून घेतला, तर ०.०५ टक्क्याचा फरक सहज पडतो. म्हणजे निम्मा माल नुसत्या फावड्याच्या टोकावर गेला. कांद्याच्या वजनात क्विंटलमागे दोन किलो कापले म्हणून आपण बाजार समितीत आवाज केला. इथे निम्मे वजन कापले जाईल आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही.

कर्ब वाढवू नका असे आम्ही म्हणत नाही. जरूर वाढवा, ०.१ टक्का वाढलेल्या जमिनीत ओल जास्त टिकते, मालदांडीला ती कोणत्याही क्रेडिटपेक्षा जास्त देते. पण विकायचा असेल तर करारात लिहून घ्या. पद्धत कोणती, पहिल्या आणि शेवटच्या नमुन्याला तीच का, चुनखडी धुणार का, खोली किती इंच, घनता मोजणार की अंदाजाने धरणार. नमुना शेतकऱ्यासमोर घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, एक सीलबंद भाग शेतकऱ्याकडे राहील. प्रयोगशाळेचा मूळ अहवाल शेतकऱ्याला मिळेल. दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा हक्क राहील. माणसे म्हणतील, असे कोणी मागत नाही. नाही मागत, कारण कोणी सांगितले नव्हते.

खिडक्या उघडल्यावर आकडा ६४० वर आला आहे. आता चहा आहे. चहाच्या वेळात ही डबी पटांगणात नेऊ, ३९० दाखवते का ते तुम्हीच पाहा. पिंपात चुनखडीचे खडे आणि व्हिनेगरची बाटली आणून ठेवली आहे. त्यावर डबी धरली की काय होते तेही पाहा, फक्त पिंपात तोंड घालू नका. ज्यांच्याकडे करार आलेले आहेत त्यांनी ते सही न करता इकडे टेबलावर द्यावेत. आम्ही संध्याकाळपर्यंत इथेच आहोत, ओळ-ओळ वाचून देतो.